बाळाच्या फुप्फुसातला फेस : डॉ. मेरी एलन एव्हरी

कमी दिवसांचं बाळ जन्मलं की आपल्याकडे निरोप येतो, ‘बाळाला काचेच्या पेटीत ठेवलंय.’ त्या पेटीने ऊब मिळते, आणि ऊब हवीच. पण ऊब मिळूनही ही बाळं श्वासासाठी तडफडून का जातात, हे १९५९पर्यंत नीट कळलेलं नव्हतं. ते ज्यांनी शोधलं, त्या डॉ. मेरी एलन एव्हरी यांच्याबद्दल आज बोलायचंय.

जन्म १९२७ चा, अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कॅमडेनचा. शेजारी एमिली बेकन नावाच्या बालरोगतज्ज्ञ राहायच्या. कमी दिवसांचं बाळ मेरीला पहिल्यांदा दाखवलं ते त्यांनीच. पुढे १९५२ मध्ये मेरी जॉन्स हॉपकिन्समधून डॉक्टर झाल्या आणि लगेचच त्यांना क्षयरोग झाला. फुप्फुसांबद्दलचं त्यांचं कुतूहल त्या आजारपणात आणखी वाढलं.

आता मूळ प्रश्न. बाळ जन्मतं, थोड्याच वेळात कण्हायला लागतं, प्रत्येक श्वासाला छाती आत ओढली जाते. दोन-तीन दिवसांत सगळं संपतं. शवविच्छेदनात फुप्फुसात काचेसारखा एक पातळ पापुद्रा दिसायचा. साहजिकच डॉक्टरांना वाटायचं, हा पापुद्राच गुन्हेगार! बाहेरचं काहीतरी आत गेलंय, असा सगळ्यांचा समज.

एव्हरींनी बघितलं ते वेगळंच. निरोगी फुप्फुसात फेस असतो. या बाळांच्या फुप्फुसात फेसच नव्हता. म्हणजे काहीतरी जास्त झालेलं नव्हतं, काहीतरी कमी होतं.

फेसाचं एवढं काय, तर ऐका. फुप्फुसात लाखो बारीक वायुकोश असतात आणि आतून ओले असतात. पाण्याचा पृष्ठताण त्यांना आकसायला लावतो, आणि कोश जितका लहान तितका तो लवकर मिटतो. साध्या पाण्याचा फुगा टिकत नाही, साबणाचा टिकतो, कारण साबण हा ताण कमी करतो. आपल्या फुप्फुसातही असा एक साबण तयार होतो, त्याला सरफॅक्टंट म्हणतात. पण तो पुरेसा तयार होतो गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत. त्याआधी जन्मलेल्या बाळाचे कोश श्वास सोडला की चिकटून बसतात. मग प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतका जड!

जॉन क्लेमेंट्स नावाचे शास्त्रज्ञ अमेरिकन लष्कराच्या प्रयोगशाळेत हा ताण मोजत होते. एव्हरी त्यांना भेटल्या, त्यांचं उपकरण समजून घेतलं. हार्वर्डमध्ये जेरे मीड यांच्याबरोबर त्यांनी दगावलेल्या बाळांच्या फुप्फुसांचा अर्क तपासला. ताण उतरायलाच तयार नव्हता. १९५९ मध्ये दोघांचा निबंध छापून आला.

कारण कळलं, पण औषध कुठे होतं? ऑगस्ट १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोच्या वर, म्हणजे आजच्या हिशेबाने फार काळजीचं नाही. त्याला बोस्टनला हलवलं, जास्त दाबाच्या प्राणवायूच्या कक्षात ठेवलं. ३९ तासांत तो गेला, याच आजाराने. जगातल्या सर्वात शक्तिशाली माणसाच्या बाळासाठीसुद्धा याहून जास्त काही करता आलं नाही.

मधल्या काळात बाळाच्या नाकातून सतत हलका दाब देऊन कोश उघडे ठेवण्याची पद्धत आली, प्रसूतीआधी आईला स्टेरॉइड देणं आलं. आणि १९८० मध्ये जपानचे फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेलं सरफॅक्टंट दहा बाळांना दिलं. एव्हरींच्या निबंधानंतर एकवीस वर्षांनी!

दरम्यान १९७४ मध्ये त्या बोस्टनच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टर झाल्या. त्या पदावरच्या पहिल्या बाई. १९९१ मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं. जवळची माणसं त्यांना ‘मेल’ म्हणायची. २०११ मध्ये त्या गेल्या.

आज नवजात विभागात हे औषध छोट्या बाटलीत येतं, पांढरट, दुधासारखं. बारीक नळीतून ते थेट श्वासनलिकेत सोडतात. बरेचदा काही मिनिटांत बाळाचा रंग बदलायला लागतो आणि नर्स प्राणवायू थोडा कमी करतात.