लोभ आणि मत्सर : नाटकांतील राजद्रोहाचीं दोन मुळें

बाहेरच्या शत्रूच्या तोफांनीं जितकीं राज्यें पडलीं, त्यांहून कमी राज्यें घरच्या माणसांच्या हातांनीं पडलीं असतील असें म्हणवत नाहीं. परंतु घरच्या माणसाचा हात घरावरच कां उठला, याचें उत्तर इतिहासाच्या दप्तरांत क्वचित् सांपडतें. तेथें तारखा असतात, तहाचीं कलमें असतात, पैशांचे हिशेब असतात. द्रोह करणाऱ्याचें मन तेवढें नसतें. तें मन उलगडून दाखविण्याचें काम नाटककारांनीं फार पूर्वीपासून आपल्याकडे घेतलें आहे. विशाखदत्ताचें ‘मुद्राराक्षस’, शेक्सपीअरचें ‘ज्यूलियस सीझर’ आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें ‘भाऊबंदकी’ हीं तीन नाटकें तीन निरनिराळ्या काळांतील आणि तीन निरनिराळ्या राजधान्यांविषयींचीं आहेत. तरीही एका प्रश्नापाशीं तीं एकत्र येतात. राजद्रोही माणसाला द्रोहाकडे नेतें कोण?

मराठी घरांत लहानपणींच पाठ होणाऱ्या षड्रिपूंच्या यादींत लोभ तिसरा आणि मत्सर अगदीं शेवटचा. यादींत ते जवळपास बसले असले तरी त्यांच्या स्वभावांत मोठें अंतर आहे. लोभी माणसाला कांहीं तरी हवें असतें : जहागीर, खजिना, अधिकार. तें मिळालें म्हणजे निदान कांहीं काळ तरी तो स्वस्थ बसतो. मत्सरी माणसाला स्वतःसाठीं कांहीं मिळवायचें असतेंच असें नाहीं. दुसऱ्याजवळ जें आहे तें त्याच्याजवळ राहूं नये, एवढेंच त्याला हवें असतें. म्हणून लोभाची किंमत ठरवितां येते. मत्सराची किंमत ठरवितां येत नाहीं, आणि म्हणूनच त्याला कोणी विकत घेऊन शांतही करूं शकत नाहीं.

हा भेद विशाखदत्ताला पुरता ठाऊक होता. ‘मुद्राराक्षसा’च्या तिसऱ्या अंकांत चंद्रगुप्त आणि चाणक्य यांचें कडाक्याचें भांडण होतें. राज्यांतील मोठमोठे अधिकारी सोडून जाऊन शत्रुपक्षाच्या मलयकेतूला कां मिळाले, याचा जाब राजा विचारतो आणि चाणक्य एकेकाचें कारण सांगत जातो. कोणी व्यसनांमुळें अधिकारावरून दूर झाला होता. कोणाला मिळणारें वेतन थोडें वाटत होतें व दुसरीकडे अधिक मिळेल अशी आशा होती. कोणाला मिळालेली संपत्ति एकाएकीं हिरावली जाईल अशी धास्ती होती. आणि रोहिताक्ष व विजयवर्मा हे दोघे अत्यंत मानी. राजानें त्यांच्याच भाऊबंदांचा केलेला गौरव त्यांना पाहवला नाहीं.

खरी गंमत पुढें आहे. हें सारें सोंग असतें. भांडण खोटें, रुसवे खोटे, आणि पळून गेलेले अधिकारीही चाणक्याचेच माणूस. पण सोंग वठायचें तर त्याचें कारण लोकांना पटण्यासारखें असलें पाहिजे. शत्रूच्या हेरांनीं ऐकतांक्षणींच विश्वास ठेवावा अशीं कारणें चाणक्यानें निवडलीं, आणि त्यांत वेतनाचा लोभ व भाऊबंदांचा मत्सर यांना जागा दिली. माणसें राजाला सोडून कां जातात याविषयीं सर्वसामान्य जगाची जी समजूत, तिचाच त्यानें शस्त्रासारखा उपयोग केला.

याच समजुतीचा दुसरा आणि अधिक क्रूर उपयोग पांचव्या अंकांत दिसतो. राक्षसाच्या मुद्रेनें बंद केलेलें एक पत्र मलयकेतूच्या हातीं पडतें. पत्र बनावट असतें. राक्षसाच्या मित्राकडून तें युक्तीनें लिहवून घेतलेलें असतें आणि मुद्रा हेरानें मिळविलेली असते. मलयकेतूच्या साहाय्यास आलेले पांच राजे आंतून चंद्रगुप्ताला मिळाले आहेत, असा त्या पत्राचा आशय. तिघांना म्हणे मलयकेतूची भूमि हवी आहे आणि दोघांना त्याचा खजिना व हत्ती. मलयकेतु चौकशी करीत नाहीं. ज्यांना भूमि हवी त्यांना खड्ड्यांत घालून मातीनें बुजवा आणि ज्यांना हत्ती हवेत त्यांना हत्तीच्या पायांखालीं द्या, अशी तो आज्ञा सोडतो. राक्षसासारख्या एकनिष्ठ अमात्यालाही तो दूर लोटतो. राजांचा वध होतांच बाकीचें सैन्य भिऊन पांगतें, आणि रुसून आलेले म्हणून ज्यांना त्यानें जवळ केलें, तेच त्याला कैद करतात.

येथें विशाखदत्तानें एक सूक्ष्म सत्य दाखविलें आहे. त्या पांच राजांनीं कसलाही द्रोह केला नव्हता. परंतु प्रत्येक माणसाला किंमत असते असें एकदां गृहीत धरलें, म्हणजे कोणतेंही खोटें पत्र खरें वाटूं लागतें. मलयकेतूचा घात त्याच्या मित्रांच्या लोभानें झाला नाहीं. सर्व माणसें लोभीच असणार या त्याच्या विश्वासानें झाला. आणि हा विश्वास किती पोकळ आहे हें दाखविण्यासाठींच कीं काय, नाटककारानें चंदनदास उभा केला. चंदनदास जवाहिऱ्या आहे. नफातोटा पाहणें हा त्याचा रोजचा धंदा. परंतु राक्षसाच्या कुटुंबाला त्यानें आश्रय दिला आहे, आणि धाक घातला तरी, अखेर सुळावर नेलें तरी, तो त्यांना स्वाधीन करीत नाहीं. ज्या माणसाला विकत घेतां येईल असें कोणालाही वाटलें असतें, तोच विकला जात नाहीं.

पाटलिपुत्राहून रोमकडे वळलें म्हणजे मत्सराचें रूप अधिक स्पष्ट होतें. ‘ज्यूलियस सीझर’ हें नाटक १५९९ च्या सुमाराचें. त्यांतील कॅशियस आपल्या मित्राला, ब्रूटसला, सीझरविरुद्ध उठविण्याचा प्रयत्न करतो, तेव्हां तो काय सांगतो हें लक्ष देऊन ऐकण्यासारखें आहे. सीझरनें अमुक कायदा मोडला, अमुक नागरिकाला छळलें, अशी एकही तक्रार तो प्रथम मांडीत नाहीं. तो सांगतो, एकदां टायबर नदींत दोघांनीं पैज लावून उडी घेतली आणि सीझर बुडूं लागला, तेव्हां त्याला वाचविलें तें या कॅशियसनें. स्पेनमध्यें सीझरला हिंवताप भरला, तेव्हां तो आजारी मुलीसारखा पाणी मागत होता. आणि आज हाच मनुष्य देव झाला आहे, व कॅशियसला त्याच्यापुढें वाकावें लागतें! या साऱ्या बोलण्यांत रोमच्या दुःखाहून कॅशियसच्या दुःखाचा भाग अधिक आहे. सीझरनें मात्र त्याला अचूक ओळखलें आहे. आपल्याहून मोठा कोणी दिसला कीं अशा माणसांच्या जिवाला चैन पडत नाहीं, असें तो अँटनीला सांगतो. आणि ओळखूनही, भीति वाटणें आपल्याला शोभत नाहीं या अभिमानानें, स्वस्थ राहतो.

परंतु नुसत्या मत्सराच्या बळावर कट उभा राहत नाहीं, हें कॅशियस जाणून आहे. मी त्याचा हेवा करतों, म्हणून त्याला मारा, असें जगाला कोणीही सांगूं शकत नाहीं. मत्सराला स्वतःच्या नांवानें बोलतां येत नाहीं. त्याला दुसऱ्या कोणाचें तरी निर्मळ नांव उसनें घ्यावें लागतें. म्हणून कॅशियस निरनिराळ्या हस्ताक्षरांत पत्रें लिहवून, जणूं अनेक नागरिक लिहीत आहेत अशा भासानें, ब्रूटसच्या खिडकींतून टाकण्याची व्यवस्था करतो. ब्रूटसला तीं रोमची हांक वाटतात. सीझरशीं आपलें वैयक्तिक वैर कांहीं नाहीं हें तो प्रामाणिकपणें कबूल करतो, आणि तरीही खंजीर हातीं घेतो. एकाचा मत्सर दुसऱ्याच्या कर्तव्यबुद्धीचें वस्त्र पांघरून सभागृहांत शिरतो.

मत्सरामागून लोभ कसा येतो, हेंही याच नाटकांत पाहावयास मिळतें. सीझरचा वध झाल्यावर चौथ्या अंकांत ब्रूटस आणि कॅशियस यांचा तंबूंत खटका उडतो. अधिकाराच्या जागा सोन्यासाठीं नालायकांना विकल्याचा आरोप ब्रूटस कॅशियसवर करतो. त्याच श्वासांत, सैन्याच्या पगारासाठीं मागितलेले पैसे कॅशियसनें दिले नाहींत, अशी तक्रारही करतो. वाईट मार्गानें पैसा उभारणें त्याला स्वतःला जमत नाहीं! ज्या सोन्याला हात लावण्याची किळस वाटते, त्याच सोन्याची गरज आतां या सज्जनाला पडली आहे. विरुद्ध पक्षाची गोष्ट याहून निराळी नाहीं. प्रत्येक नागरिकाला पंचाहत्तर द्राख्मे ठेवल्याचें सीझरचें मृत्युपत्र वाचून अँटनीनें लोकांना पेटविलें. आणि लवकरच, त्या देणग्यांत काटछांट कशी करतां येईल हें पाहण्यासाठीं तोच तें मृत्युपत्र मागवितो. प्रजासत्ताक वांचविण्यासाठीं म्हणून इसवी सनापूर्वीं ४४ मध्यें सीझरला मारलें. दोनच वर्षांत फिलिपीच्या रणभूमीवर ब्रूटस आणि कॅशियस संपले, आणि इसवी सनापूर्वीं २७ मध्यें ऑगस्टसची एकछत्री सत्ता सुरू झाली.

तिसरें नाटक महाराष्ट्राच्या स्वतःच्या जखमेवरचें आहे. खाडिलकरांचें ‘भाऊबंदकी’ १९०९ मध्यें रंगभूमीवर आलें. त्याचें नांवच रोहिताक्ष आणि विजयवर्मा यांच्या दुखण्याचें नांव आहे. बाहेरच्या माणसाची भरभराट मनुष्य एक वेळ सोसतो. एकाच पंगतींत बसणाऱ्या भाऊबंदाचें पान आपल्या पानाच्या वर मांडलेलें त्याला सोसवत नाहीं. रघुनाथराव हा बाजीरावाचा पुत्र, १७५८ च्या उत्तरेकडील मोहिमेचा नायक. १७६१ मध्यें सोळा वर्षांचा पुतण्या माधवराव पेशवा झाला, आणि १७७२ च्या नोव्हेंबरांत थेऊरला त्याचा अंत झाल्यावर त्याहून धाकटा नारायणराव. प्रत्येक वेळीं गादी एका पायरीनें दूर गेली. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत गारद्यांनीं नारायणरावाचा खून केला.

त्या दिवसाविषयींची एक आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. नारायणरावाला धरावें अशी आज्ञा होती. आनंदीबाईनें ‘ध’चा ‘मा’ केला आणि ‘धरावें’चें ‘मारावें’ झालें. ही गोष्ट जशीच्या तशी घडली कीं नाहीं, हा वाद इतिहासाचा. लोकांनीं ती पिढ्यान्‌पिढ्या जपली याचा अर्थ मात्र उघड आहे. पाटलिपुत्रांतील पत्र, रोममधील खिडकींतलीं पत्रें आणि पुण्यांतील हें अक्षर, यांत एकच अनुभव बोलतो : उघड्या तोंडानें जें सांगतां येत नाहीं, तें दुसऱ्याच्या हस्ताक्षरांत सांगावें लागतें. वाड्यांत हत्यार उपसणारे गारदी पैशाचे चाकर होते. परंतु पैशाच्या चाकराला आंतली वाट दाखविणारी इच्छा पैशाची नव्हती.

आणि येथेंही मत्सर तृप्त झाल्यावर लोभाची पाळी आली. बारभाईंनीं रघुनाथरावाला गादीवर टिकूं दिलें नाहीं. १७७४ च्या एप्रिलमध्यें जन्मलेल्या सवाई माधवरावाच्या नांवानें त्यांनीं कारभार चालविला. तेव्हां मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहानें रघुनाथरावानें इंग्रजांचें साहाय्य मागितलें आणि त्याच्या मोबदल्यांत साष्टी व वसई देऊं केली. ज्या चिमाजीअप्पानें १७३९ मध्यें अपार रक्त सांडून पोर्तुगीजांपासून वसई घेतली, तो रघुनाथरावाचा सख्खा चुलता. १७८२ च्या सालबाईच्या तहानें युद्ध थांबलें; पण साष्टी इंग्रजांकडेच राहिली. एका घरांतील पान वर कीं खालीं, या वादाची किंमत अशी मुंबईच्या उंबऱ्यावरच्या मुलुखानें चुकविली.

या तिन्ही नाटकांतून हातीं येतें तें असें. लोभावर राज्यकारभारांत कांहीं उपाय करतां येतो : वेतन वेळेवर द्यावें, हिशेब चोख ठेवावा, अपराध्याला शिक्षा करावी. मत्सरावर असा उपाय चालत नाहीं. कारण तो तक्रार घेऊन येत नाहीं, तत्त्व घेऊन येतो. त्याला अडविण्याचें सामर्थ्य असतें तें ज्याच्याकडे तो पाठिंबा मागावयास जातो, त्या सज्जनाजवळ. खिडकींतून आलेलें पत्र कोणी लिहिलें आणि सीझर गेल्यावर लिहिणाऱ्याचें काय होणार, हें ब्रूटसनें विचारलें असतें, तर कॅशियसचा मत्सर कॅशियसजवळच कुजत पडला असता. रामशास्त्री प्रभुण्यांनीं तो प्रश्न विचारला. गादीवर बसलेल्या रघुनाथरावाला खुनाबद्दल देहांत प्रायश्चित्ताखेरीज दुसरें प्रायश्चित्त नाहीं असें त्यांनीं तोंडावर सांगितलें, आणि ते पुणें सोडून गेले. त्यांच्या हातीं सैन्य नव्हतें. परंतु रघुनाथरावाला जें एक निर्मळ नांव हवें होतें, तें त्यांनीं त्याला उसनें दिलें नाहीं.