वणवा विझवायचा तो नाताळाच्या सुमारास
(पौड येथील कार्यकर्ता मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्यापैकी बरेच जण आज चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट करत पौडला आलात. येताना डोंगर हिरवेगार दिसले असतील. जानेवारी सरता सरता हेच डोंगर पिवळे पडतात आणि मार्चमध्ये रात्री याच रस्त्यावरून पाहिले, तर उतारावर आगीची लाल माळ दिसते. गाडीतली मुले म्हणतात, किती छान! त्या माळेच्या वर वाडी असते, ती रस्त्यावरून दिसत नाही.

वाडी बहुतेक वेळा कातकऱ्यांची. दिवाळी झाली की उचल घेतलेली कुटुंबे वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. म्हणजे वणव्याच्या नेमक्या महिन्यांत वाडीवर उरतात म्हातारी माणसे आणि काही लहान मुले. भिंती कुडाच्या, दाराशी सरपण रचलेले. आग आली की पहिल्यांदा हीच माणसे धावतात. मग खालच्या गावातली पोरे, वनरक्षक, आणि पुण्याहून फोनवर निरोप मिळून निघालेले तरुण. तोवर दोन तास गेलेले असतात.

आग लागते कशी? काही ठिकाणी भाताच्या रोपासाठी राब भाजताना ती बांधाबाहेर जाते. काही ठिकाणी गवत जाळले की पुढच्या वर्षी चांगले येते, या समजुतीने लावली जाते. वाटसरूची विडी, शिकारीसाठी केलेला जाळ, मोकळी करायची जमीन, अशीही कारणे असतात. आपोआप लागलेला वणवा आमच्या भागात मी तरी पाहिलेला नाही.

विझवण्याचे काम दिसायला साधे असते. हिरव्या डहाळ्यांनी किंवा ओल्या गोणपाटाने ज्वाळा झोडपायच्या. हल्ली पाला उडवणारी यंत्रेही आली आहेत, ती उपयोगी आहेत. पण आग चढावर माणसापेक्षा वेगाने पळते, हे ज्याला माहीत नाही त्याने डोंगरावर जाऊच नये. 11 मार्च 2018 रोजी तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात वणव्याने वेढलेले 20 हून अधिक गिर्यारोहक प्राणाला मुकले. आमच्या बरोबर गेल्या उन्हाळ्यात सत्तरीच्या एक कातकरी मावशी होत्या. कॉलेजची मुले आगीच्या वरच्या अंगाला धावली, तेव्हा त्या ओरडल्या, "पोरांनो, काळ्यात उभे राहा, पिवळ्यात जाऊ नका!" काळे म्हणजे जळून गेलेले, तिथे आग परत येत नाही. कुठल्याही प्रशिक्षणात मला हे इतक्या थोडक्यात कोणी सांगितले नव्हते. पहाटे वारा पडला, तेव्हा आग आटोक्यात आली. मावशींच्या पायात चपलासुद्धा नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मी काय ऐकले? "कातकऱ्यांनीच लावली असणार." याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ठिणगी आणि रानाचा दाखला आहे, आपण तो पुष्कळदा ऐकतो. तो दाखला जिभेबद्दल आहे, हे त्या टपरीवर मला फार जाणवले. ज्यांची करवंदे जळाली, मे महिन्यात रस्त्याकडेला पाट्या घेऊन बसण्याचे ज्यांचे चार पैसे गेले, त्यांच्यावरच हा संशय!

कायदा काय म्हणतो तेही सांगतो. भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 79 नुसार, राखीव जंगलात ज्यांना हक्क आहेत, त्यांनी आगीची खबर देणे आणि ती विझवायला मदत करणे बंधनकारक आहे. बंधन आहे, पण बूट नाहीत आणि त्या दिवसाची मजुरीही नाही.

आता मुद्द्याचे. मार्चमध्ये आपण जे करतो ती धावपळ असते. खरे काम डिसेंबर-जानेवारीतले, म्हणजे जाळरेषेचे. वाडीभोवती आणि जंगलाच्या कडेने गवताचा पट्टा कापून, सकाळच्या दवात, वन खात्याच्या देखरेखीखाली जाळून टाकायचा. पुढे वणवा आला की तिथे त्याला खायला काही मिळत नाही. मंडळीतल्या एका बांधवांनी सहा यंत्रे देऊ केली आहेत. त्यांचे मन मोठे आहे. पण मी त्यांना विनंती केली, की दोनच द्या आणि उरलेल्या पैशांत वाडीवरच्या बायाबापड्यांना जाळरेषेच्या कामाची रोजची मजुरी द्या. यंत्र फोन आल्यावर निघते, ही माणसे तिथेच असतात.

राबाचेही तसेच. वाडीने आणि गावाने दिवस ठरवून, वारा नसताना, चार जण पाण्याचे हंडे घेऊन उभे असताना राब भाजला, तर अर्धे संकट टळते. दोन गावांत बोलणे झाले आहे. एकाने मान्य केले, दुसऱ्याने "बघू" म्हटले.

तरुण संघाला एवढेच सांगतो. आग दिसली तर वन खात्याच्या 1926 या क्रमांकावर आधी कळवा, मग निघा. नायलॉनचे कपडे नकोत, अंगाला चिकटतात. सुती कपडे, बूट आणि प्रत्येकी दोन लिटर पाणी. जाळरेषेचे काम नाताळाच्या आधीच्या शनिवारी सुरू होईल. सकाळी साडेसहाला पौडच्या एस.टी. स्टँडवर या. कोयते आम्ही आणू. जमल्यास एक जोड जास्तीचे बूट आणा, बायकांच्या मापाचे.