कडी लावली का?



अध्यक्षपदाचं निमंत्रण आलं तेव्हा आमच्या घरात पहिला विनोद झाला तो गावाच्या नावावरून. भयकथेवाल्यांचं संमेलन, आणि तेही मांजरीला! आडवी गेली म्हणजे? मी म्हटलं, अख्खं गावच मांजरी, आडवं जाऊन जाऊन किती जाईल!

पण सकाळी दौंडच्या गाडीने येताना खिडकीतून बघत होते, आणि खरं सांगते, थोडी हिरमुसले. माझ्या लहानपणी हडपसर मागे पडलं की ऊस लागायचा. संध्याकाळी वारा सुटला की त्या पात्यांची सळसळ अशी व्हायची की आत कुणीतरी आपल्या बरोबरीने चालतंय, आपण थांबलो की तेही थांबतंय. चकवा लागायला याहून चांगली जागा कुठली? आता तिथे वीस-वीस मजले उभे आहेत. चकवा बिचारा पार्किंगमध्ये फिरत असेल.

हे मी गमतीने म्हणते खरं, पण आजचा माझा विषय इथूनच सुरू होतो. आपल्याकडच्या भुतांना पूर्वी ठरलेला पत्ता असे. मुंजा पिंपळावर, आसरा पाण्यात, वेताळ वेशीबाहेर. प्रत्येकाचा नियमही ठरलेला. अमावास्येला तिकडे फिरकू नका, तिन्हीसांजेला केस मोकळे सोडून जाऊ नका, लागलंच काही तर नारळ-लिंबू उतरून टाका. पत्ता आणि नियम माहीत असला की भीती आटोक्यात राहते. नारायण धारपांनी काय केलं असेल, तर पत्ताच बदलला. पिंपळावरचं त्यांनी आपल्या घरात आणलं, आणि आणताना आवाज केला नाही.

धारप 1925 साली जन्मले, 2008 साली गेले. शंभरावर पुस्तकं लिहिली. त्यातली काही नावं घेते, नुसती ऐका. ‘४४० चंदनवाडी’. ‘चंद्रविलास’. ‘आनंदमहल’. ‘प्रा. वाईकरांची कथा’. ‘साठे फायकस’. यात भुताचं नाव कुठे आहे? पहिला तर पोस्टमनला द्यायचा पत्ता आहे. पुढची दोन सदाशिव पेठेतल्या कुठल्याही दारावर शोभतील, पाटीवर खाली ‘कुत्र्यापासून सावध’ असं लिहिलेलं. आणि ‘साठे फायकस’! एक आडनाव, एक कुंडीतलं झाड. ‘सैतान’, ‘काळी जोगीण’ अशी नावं त्यांनी दिलीच नाहीत असं नाही. दुकानदारालाही जगायचं असतं. पण त्यांचा खरा हात दिसतो तो या पत्त्यांमध्ये.

त्यांची भाषाही तशीच. मध्यमवर्गीय घरातला शहाणा काका जेवणानंतर सुपारी कातरत सांगतो तशी. घर कुठल्या आळीत आहे, जिन्याला कठडा आहे की नाही, कोण कधी निवृत्त झालं, सगळं शांतपणे सांगून होतं. या माणसाचं आपल्याला सगळं पटायला लागतं. मग तोच माणूस त्याच आवाजात म्हणतो की माळ्यावर जे होतं ते उंदीर नव्हतं. तोवर आपण त्याच्यावर इतका विश्वास टाकलेला असतो की आता मागे घेता येत नाही. माझं म्हणणं इतकंच आहे: धारप घाबरवत नाहीत, ते आधी भरवसा कमावतात, भीती ही त्या भरवशाची वसुली आहे.

रत्नाकर मतकरींशी तुलना नेहमी होते. मी ती दोन वाक्यांत उरकते. मतकरींच्या ‘खेकडा’सारख्या कथेत भीती माणसाच्या मनातून बाहेर येते, धारपांकडे ती बाहेरून येते आणि मन तिला दार उघडतं. दोघेही मला लागतात, पण एकटी असताना मतकरी वाचते, धारप नाही.

आता वाचकांकडे वळू. आपल्या समीक्षेने धारपांकडे फारसं पाहिलं नाही, ही तक्रार जुनीच आहे आणि ती मी उगाळणार नाही. मला नेहमी वाटतं की आपण प्रतिसाद चुकीच्या जागी शोधतो. आवाज न करता भिववणाऱ्या लेखकाला टाळ्या पडत नाहीत, किंकाळीही येत नाही. वाचक पुस्तक मिटतो, उठतो, आणि दाराची कडी पुन्हा एकदा बघून येतो. तेवढंच. त्याची नोंद कोण ठेवणार?

मी थोडी ठेवली आहे. मी सातवीत असताना आमच्या मावशीसाठी वाचनालयातून पुस्तकं आणायची. वाचनालयाचं नाव सांगत नाही, कारण पुढे तक्रार आहे. दोन खणांची खोली, तपकिरी कागदाची कव्हरं, पाठीवर शाईने नंबर. धारपांची पुस्तकं दुरूनच ओळखू यायची, कडा काळ्या पडलेल्या असायच्या. आणि समासात पेन्सिलीने लोकांनी लिहिलेलं असायचं. एकीकडे ‘रात्री वाचू नये’. त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘का?’ त्याखाली, त्याच दुसऱ्या अक्षरात, पण जरा वेडंवाकडं: ‘कळलं.’ धारपांवरचं याहून चांगलं परीक्षण मी अजून वाचलेलं नाही.

आता तक्रार. एका कादंबरीचं शेवटचं पान फाटलेलं निघालं. मी रडकुंडीला आले. ग्रंथपाल काकांनी मला बाकावर बसवलं आणि शेवट तोंडी सांगितला. सांगताना त्यांनी आवाज उतरवला, मध्येच ट्यूबलाइटकडे पाहिलं. पुढे आठ दिवस मी परसात एकटी गेले नाही. कॉलेजात गेल्यावर तीच कादंबरी धडकी मिळाली. शेवट अगदी वेगळा! काकांनी तो स्वतः रचला होता, आणि धारपांची क्षमा मागून सांगते, काकांचा जास्त भयंकर होता. कादंबरीचं नाव विचारू नका. इथे कुणाची वाचायची राहिली असेल.

असा भरवसा टाकणारे वाचक फक्त आपल्याकडेच नाहीत. 1948 च्या जूनमध्ये अमेरिकेत ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकात शर्ली जॅक्सन या बाईंची ‘द लॉटरी’ ही कथा छापून आली. छोटं गाव, छान ऊन, लोक जमलेत, चिठ्ठ्या निघतायत, आणि शेवटी ज्या बाईची चिठ्ठी निघते तिला सगळा गाव दगडांनी मारतो. त्या उन्हाळ्यात बाईंना तीनशेच्यावर पत्रं आली. शिव्या होत्या, गोंधळ होता. पण बाईंनी पुढे सांगितलं ते फार बोलकं आहे. काही वाचकांनी विचारलं होतं, असल्या सोडती कुठे निघतात आणि तिथे जाऊन बघता येतं का? लेखिका गावाबद्दल इतकं साधं, इतकं खरं बोलली की लोकांनी गावच खरं मानलं. आमच्या मावशीनेही मला चंदनवाडी नक्की कुठे आली ते विचारलं होतं. मी म्हटलं, मुंबईत आहे, स्मशान आहे तिथे. तेव्हापासून तिने ते पुस्तक घरात ठेवू दिलं नाही.

एक अवघड गोष्ट टाळली तर अध्यक्षपदाला अर्थ नाही. धारपांच्या ‘लुचाई’च्या मागे स्टीफन किंगची ‘सेलम्स लॉट’ आहे, ‘शपथ’च्या मागे ‘इट’, आणि ‘आजी’ या कथेमागे त्याचीच ‘ग्रॅमा’. हे कळलं तेव्हा माझ्या पिढीतले कितीतरी वाचक दुखावले. फसवल्यासारखं वाटलं, मलाही. ऋण ठळकपणे, पहिल्याच पानावर मान्य व्हायला हवं होतं, यावर माझं मत बदललेलं नाही. पण दुखावलेपण ओसरल्यावर मी ‘ग्रॅमा’ आणि ‘आजी’ शेजारी ठेवून वाचल्या, आणि मग वेगळंच काही लक्षात आलं. घरात एकटा मुलगा आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारी, एवढाच ऐवज. पण मराठी घरात आजी म्हणजे काय? जुन्या लुगड्यांची गोधडी. भूत आलं की जिच्या कुशीत शिरायचं ती. तीच जर हात पसरून ‘ये’ म्हणाली, आणि जावंसं वाटलं नाही, तर पोराने पळायचं कुणाकडे? भरवसा आधी आपल्या घरातच जमा होता. धारपांनी तो फक्त काढून घेतला.

त्या ‘आजी’चं पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना 1993 साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने रात्री धारपांची गोष्ट सांगितली. सांगितली, वाचून दाखवली नाही. त्यातून पंचवीस वर्षांनी, ऑक्टोबर 2018 मध्ये, ‘तुंबाड’ हा चित्रपट आला. नाव पेंडश्यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून. सुरुवातीला फार चालला नाही. 2024 च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा लावला, तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त गल्ला जमला. समीक्षकांनी नव्हे, एका वाचकाने दुसऱ्याच्या कानात सांगून ही गोष्ट तिथवर नेली. त्या मित्राने सांगताना काय गाळलं, काय भरलं, ते त्यालाच ठाऊक. माझा अंदाज आहे, त्यानेही कुठेतरी आवाज उतरवला असेल.

संयोजकांनी बाहेर टेबलावर जुनी पुस्तकं मांडली आहेत. मघाशी चहा घेताना त्यातलं धारपांचं एक उघडलं. मागे देवघेवीची चिठ्ठी अजून चिकटलेली आहे. सत्तेचाळीस क्रमांकाच्या वर्गणीदाराने ते एकाच वर्षात तीनदा नेलंय. आणि हो, शेवटचं पान याही पुस्तकात नाही. वर्गणीदार क्रमांक सत्तेचाळीस, आज सभागृहात असलात तर जेवणाच्या वेळी मला भेटा. रागावणार नाही. शेवट कसा होता, तेवढं सांगा. जरा आवाज उतरवून.