सूर्यबिंबावरील तीळ



शुक्राचा अस्त आपल्या घराघरांत ठाऊक आहे. पंचांगात तो लागला की लग्नाचे मुहूर्त थांबतात. शुक्र सूर्याच्या तेजात दिसेनासा झाला, एवढाच अस्ताचा अर्थ. परंतु अशाच एका अस्तात, ८ जून २००४ रोजी, शुक्र भर दिवसा आणि प्रत्यक्ष सूर्यबिंबावर दिसण्याचा योग आला. अफजलपूरच्या आकाशात त्या दिवशी पावणेअकराच्या सुमारास सूर्याच्या कडेवर एक काळा तीळ उमटला आणि सुमारे सहा तासांनी दुसऱ्या कडेने निघून गेला. यालाच अधिक्रमण म्हणतात.

शुक्र सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधल्या बाजूस सुमारे ५८४ दिवसांनी येतो. पण त्याची कक्षा आपल्या कक्षेशी सुमारे ३.४ अंशांनी कललेली असल्यामुळे तो बहुधा सूर्याच्या वरून किंवा खालून निसटतो. योग जुळलाच तर आठ वर्षांच्या अंतराने जोडीने जुळतो. मग शतकाहून अधिक काळ वाट पाहावी लागते. २००४ चा जोडीदार ६ जून २०१२ रोजी येऊन गेला. यापुढील योग ११ डिसेंबर २११७ रोजी आहे.

या ठिपक्याने मानवाला केवढे ज्ञान दिले! पृथ्वीवरील दोन दूरच्या ठिकाणांहून पाहिले असता शुक्राचा मार्ग किंचित निराळा दिसतो. त्या फरकावरून सूर्याचे अंतर काढता येईल, ही युक्ती हॅले याने १७१६ साली मांडली. त्यानुसार १७६१ व १७६९ साली देशोदेशींचे ज्योतिषी समुद्र ओलांडून गेले. ते अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर आहे. १८७४ च्या अधिक्रमणापूर्वी मद्रास वेधशाळेतील चिंतामणी रघुनाथाचारी यांनी भारतीय भाषांतून पुस्तिका काढल्या. आकाशातील घटना सामान्य माणसाने समजून पाहावी, ही त्यामागील तळमळ होती.

आपल्यापैकी बहुतेकांना शुक्राचा पुढील योग लाभणार नाही. बुधाचा मात्र लाभेल. १३ नोव्हेंबर २०३२ रोजी दुपारी सव्वाबाराच्या सुमारास बुध सूर्यबिंबावर येईल व साडेचारनंतर बाहेर पडेल. पावसाळा सरलेला असेल, सूर्य डोक्यावर असेल. परंतु बुधाचा ठिपका सूर्याच्या व्यासाच्या सुमारे एकशेनव्वदाव्या भागाइतकाच. दुर्बिणीवाचून तो दिसणार नाही.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभरही पाहू नये. दृष्टी कायमची जाईल. काजळी धरलेली काच किंवा जुनी फिल्म यांचाही भरवसा नाही. लहान दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडावी आणि सर्वांनी कागदाकडे पाहावे. दुर्बिणीपाशी जाणत्या माणसाने सतत उभे राहावे. सूर्यावरील डागाची कड ओबडधोबड असते व तो तासाभरात जागचा हललेला दिसत नाही. बुध मात्र वाटोळा असतो आणि पुढे सरकत राहतो.

अफजलपूर तालुक्यातच गाणगापूर आहे. भीमा-अमरजेच्या त्या संगमावर मराठी व कन्नड यात्रेकरू शेजारी शेजारी स्नान करतात. त्या दुपारी तालुक्यातील एखाद्या शाळेने अंगणात एक दुर्बीण व एक कोरा कागद मांडला, तर त्यावरचा तीळ दोन्ही भाषांच्या मुलांना सारखाच दिसेल. तयारीला अवधी आहे. तेवढा निश्चय आजच करावा.