वेग म्हणजे घाई नव्हे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कुणी आरोग्यावर बोलते, कुणी भरतकामावर. यंदा कार्यवाह बाईंनी मला मुलीच्या नेमबाजीविषयी बोलायला सांगितले. मी स्वतः पिस्तूल चालवीत नाही. शिक्षण सातवीपर्यंतचे. पण गेली चार वर्षे मुलीबरोबर रेंजवर जाते, बाकावर बसून बघते, तिच्या सरांचे ऐकते आणि घरी तिचा सराव मीच घेते. त्यातून जे उमजले तेवढेच सांगते.

नेमबाजी म्हणजे स्वस्थ उभे राहून, वाटेल तेवढा वेळ घेऊन नेम धरणे, असे पुष्कळजणींना वाटते. माझी मुलगी खेळते त्या 25 मीटर पिस्तूल प्रकारात तसे नसते. एकंदर 60 गोळ्या. पहिल्या 30 सावकाश, पाच गोळ्यांना पाच मिनिटे. पुढच्या 30 मात्र झटपट. पिस्तूल एकाच हातात, हात खाली. समोर तांबडा दिवा 7 सेकंद. मग हिरवा दिवा, फक्त 3 सेकंद. तेवढ्यात हात उचलायचा, नेम धरायचा, एक गोळी मारायची आणि हात पुन्हा खाली. असे लागोपाठ पाच वेळा. निशाण 82 फुटांवर, आणि त्यातले 10 गुणांचे वर्तुळ चार इंचांचे, आमटीच्या वाटीच्या तोंडाएवढे.

तीन सेकंद म्हटले की नव्या मुलीच्या छातीत धस्स होते. हिरवा दिवा लागताच ती हात झटक्याने वर नेते. झटक्याने गेलेला हात वर जाऊन डोलतो. तो स्थिर होईतो वेळ सरत येतो, म्हणून ती चाप हिसकते आणि गोळी खाली जाते. मग तिला वाटते, आपण हळू पडलो; पुढच्या वेळी ती आणखी घाई करते. सरांचे सांगणे असे, की हिला वेळ कमी पडला नाही, हिने वेळ सांडला.

तो सांडायचा कसा नाही, ते ऐका. पाय, खांदा आणि मुठीची पकड हे सारे तांबड्या दिव्यातच ठरलेले असावे. मूठ दरवेळी तशीच आणि तेवढ्याच जोराने. हिरवा लागला की हात एका संथ गतीने वर यावा आणि निशाणावर येताना आपोआप मंदावा. नजर निशाणावर नको, नळीच्या टोकावरच्या साइटवर हवी. ती मागच्या खाचेत मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड आणि माथे एका पातळीत. निशाण अंधूक दिसले तरी चालते. चाप ओढायला निदान एक किलोचा जोर लागतो. त्यातला बराचसा जोर हात वर येत असतानाच बोटाने द्यायचा. मग शेवटी उरते ते थोडेसे दाबणे, तेही सरळ मागे. गोळी सुटल्यावर हात लगेच टाकायचा नाही, क्षणभर तसाच ठेवायचा.

भगिनींनो, हे आपल्याला नवे नाही. पंगतीला पोळ्या करणारी मुरलेली बाई हात भराभर हलवीत नाही. एक पोळी तव्यावर असते तोवर दुसरी लाटून होते आणि तिसरीचा गोळा तयार असतो. तिचा वेग तयारीत असतो.

मुलीने मला प्रॅक्टिकल शूटिंग नावाचा आणखी एक खेळ दाखवला. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना 1976 साली अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या कोलंबिया गावी स्थापन झाली. त्यात पिस्तूल दोन हातांनी धरतात आणि धावत जागा बदलीत अनेक निशाणे मारतात. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचे, हा त्यांचा हिशेब मला फार आवडला. समजा 12 गोळ्या, प्रत्येकी 5 गुण. एकीने 60 गुण 10 सेकंदांत केले: भागाकार 6. दुसरीचे गुण 54, पण वेळ 8 सेकंद: 6.75, ती पुढे. तिसरी धडपडत 7 सेकंदांत आली, पण दोन गोळ्या हुकल्या. हुकलेल्या गोळीला 10 गुण दंड. उरले 30, भागाकार 4.29. सर्वांत जलद ती सर्वांत मागे! आणि धावताना बोट चापावर राहिले तर स्पर्धेतूनच बाद. तिथेही वेळ वाचतो तो गोळ्या भराभर सोडून नव्हे, तर पुढच्या निशाणावर आधी नजर नेऊन आणि वाकडीतिकडी पावले टाळून.

हा वेग अंगात मुरतो तो रिकाम्या सरावाने. आमच्या घरी हवेचे पिस्तूल आहे; .22 चे रेंजवरच राहते. सरावाच्या खोलीत छर्रा ठेवायचा नाही. पिस्तूल रिकामे आहे हे मुलीने पाहायचे, मीही पाहायचे. मग कोऱ्या भिंतीसमोर हात वर, चाप, हात खाली. आधी वेळ न मोजता. साइट हलेनाशी झाली की मी घड्याळ लावते. रोज अर्धा तास. खर्च काही नाही. पण कोरी भिंत आणि शांतता हवी, आणि दोन खोल्यांच्या घरात नेमकी तीच मिळत नाही. टीव्ही लागतो, पाहुणे येतात, मुलीला दळणाला धाडले जाते.

काही आजी विचारतात, मुलीच्या हाती पिस्तूल कशाला? त्यांना मी कोल्हापूरच्या राही सरनोबत यांचे नाव सांगते. 2018 साली पालेमबांगला आशियाई स्पर्धेत याच प्रकारात त्यांची आणि थायलंडच्या खेळाडूची बरोबरी झाली, दोघींचे 34. पुन्हा पाच गोळ्या, पुन्हा बरोबरी. त्यापुढच्या पाचांत राही एका गोळीने जिंकल्या. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. तशा वेळी हात थरथरू नये ही शिकवण पिस्तुलापुरती राहत नाही. माझी मुलगी आता परीक्षेचा पेपरही हडबडून लिहीत नाही.

आज आपल्या आळीत तीन मुली नेमबाजी शिकत आहेत. माझी मंडळाला एकच विनंती आहे. आपले सभागृह सकाळी सहा ते सात रिकामे असते. तो तास या मुलींना सरावासाठी द्यावा. दार बंद राहील, छर्रा आत येणार नाही, आणि रोज आम्हा तिघींपैकी एक आई तिथे बसेल. झाडलोटही आम्हीच करू. हळदीकुंकू, भोंडला, भजन यांना अडथळा होणार नाही. कार्यकारिणीने याचा विचार करावा.