अंगण खरेच वाकडे असेल तर?



२०१० साली ‘सुपर मीट बॉय’ हा व्हिडिओ गेम निघाला. त्यात आपण शेकडो वेळा मरतो, तरी रागावत नाही. कारण करवत कुठे होती, उडी कुठे चुकली, हे सपाट पडद्यावर स्वच्छ दिसते. २०२५ साली त्याच्या त्रिमितीय अवताराची घोषणा झाली. कसोटी येथेच आहे. चित्राला खोली आली की डोळा फसतो. समोरची फळी दोन हातांवर की चार, कळत नाही. नाचता येईना त्याला अंगण वाकडे, असे आपण हसून म्हणतो. पण येथे अंगणच वाकडे असण्याचा संभव! म्हणून उडी मारणाऱ्याची सावली नेमकी त्याच्याखाली पडली पाहिजे. खेळ कठीण असावा, अन्यायी नसावा. चूक आपलीच, हे पटले तरच आपण पुन्हा उठतो.