पाझर तलावाचे पाणी आणि आपल्या विद्याशाखा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



‘बहुविद्याशाखीय संशोधन’ हा शब्द आज विद्यापीठांत फार प्रतिष्ठा पावला आहे. पाणी, प्रदूषण, विस्थापन यांसारखे गुंतागुंतीचे प्रश्न एकट्या शास्त्राला उलगडत नाहीत, हे खरेच. परंतु निरनिराळ्या शास्त्रांचे तज्ज्ञ एका मेजाभोवती बसविले की असे संशोधन सिद्ध होते, ही समजूत भाबडी आहे. माझाच अनुभव सांगतो.

१९७२च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामांतून अनेक पाझर तलाव झाले. नव्वदच्या दशकात अशाच एका तलावाच्या पाहणीत तरुण अध्यापक म्हणून मी सामील होतो. अभियंत्याने बांधाची मजबुती आणि साठा मोजला. भूगर्भतज्ज्ञाने झिरपा तपासला. मी मजुरीचे दिवस, विहिरींची वाढलेली पातळी आणि उसाचे उत्पन्न यांचा हिशेब मांडून खर्चापेक्षा लाभ अधिक, असा निष्कर्ष काढला. तीन प्रकरणे एकत्र बांधली. अहवाल तयार झाला.

निघताना, त्याच बांधावर माती वाहिलेली एक भूमिहीन बाई म्हणाली, “तळं आमी खांदलं, पाणी पाझरलं त्यांच्या हिरीत. आमची हीर कुटं लिवलीय का तुमच्या कागदात?”

तिचे उत्तर आमच्या एकाही प्रकरणात नव्हते. दख्खनच्या काळ्या कातळात पाणी साठते ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत. ते कोणत्या विहिरीत उतरेल हे भूगर्भरचना ठरविते. त्या विहिरीतले पाणी कोणाचे, हे कायदा ठरवितो. १८८२च्या इझमेंट कायद्याने आपल्या जमिनीखालचे पाणी घेण्याचा मालकाचा हक्क मान्य केला. आणि जमीन कोणाची, हे जातिव्यवस्थेने व इतिहासाने बव्हंशी आधीच ठरवून ठेवलेले. हे तिन्ही धागे एकत्र विणले असते, तरच तिचा प्रश्न आमच्या नजरेस पडता. माझ्या हिशेबातील एकूण लाभाच्या आकड्याने मात्र लाभ कोणाला, हा प्रश्नच झाकून टाकला.

याउलट पुरंदर तालुक्यातील नायगावचे उदाहरण पाहा. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तेथे पाणी पंचायतीचा प्रयोग आरंभिला. ते स्वतः अभियंता होते. पण पाणी किती, एवढ्यावर ते थांबले नाहीत. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या संख्येवर, माणशी अर्ध्या एकरापुरते पाणी, भूमिहीनालाही हक्क, उसाला बंदी, आणि योजनेच्या खर्चात लाभधारकांचा स्वतःचा हिस्सा. अभियांत्रिकी, शेतीशास्त्र, अर्थशास्त्र आणि न्याय हे सारे या काही नियमांत एकजीव झाले आहे. कसायला जमीन नसलेल्याने आपला पाण्याचा हक्क वापरावा कसा, ही अडचण त्यातून संपत नाही, हेही मान्य केले पाहिजे. तथापि प्रश्न योग्य जागी मांडला गेला, हे त्याचे मोठेपण आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांना माझे सांगणे असे : पाहणीला जाताना तज्ज्ञ अवश्य न्या, पण प्रश्नावली आखण्यापूर्वी श्रम कोणी केले, विहिरी कोणाच्या, पाणी कोणत्या पिकाला गेले, हे गावाच्या नकाशावर गावकऱ्यांसह मांडा. आणि अहवाल सरकारदरबारी धाडण्याआधी चावडीवर मोठ्याने वाचा. जे चावडीपर्यंत येत नाहीत, त्यांच्या वस्तीतही वाचा.

त्या बाईला मी त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. तुमच्या पुढील पाहणीचा आरंभ तिच्याच प्रश्नाने व्हावा, एवढी विनंती करून थांबतो.